त्रुटित पोथी

गेली चाळीस वर्षे मी जुन्या हस्तलिखितांच्या सहवासात काढली आहेत. पोथी हाती आली की प्रथम तिची पाने मोजायची, मग शाई आणि अक्षरवळण न्याहाळायचे, पाने गळाली असतील तर कोठून कोठपर्यंत याची नोंद करायची आणि एवढे झाल्यावरच तिच्यात काय लिहिले आहे याकडे वळायचे, ही शिस्त माझ्या मार्गदर्शकांनी मला लावली. ‘पत्रे ३ ते ९ गहाळ, अंती त्रुटित’ अशी वर्णने लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. या विद्येचा उपयोग एखाद्या दिवशी जुने विमान विकत घेण्याच्या कामी होईल, असे कोणी मला सांगितले असते, तर मी ते थट्टेवारी नेले असते.

२०१९ च्या ऑक्टोबरात मी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, विचिटा या शहरी, माझ्या भाच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. विचिटा हे विमाने घडवणाऱ्यांचे गाव आहे. सेस्ना आणि बीचक्राफ्ट या कंपन्या तेथेच वाढल्या. भाचा व्यवसायाने अभियंता. तीन वर्षांपूर्वी त्याने हौशी वैमानिकाचा परवाना मिळवला होता आणि आता त्याला स्वतःचे लहान विमान घ्यायचे होते. आपल्याकडे ही गोष्ट ऐकणाऱ्याला संस्थानिकी थाटाची वाटेल. तेथे तशी ती नाही. गव्हाची शेती करणारे, शाळेत शिकवणारे, दुकान चालवणारे लोकही चार आसनांचे जुने विमान बाळगून असतात. या विमानांत सर्वांत परिचित म्हणजे ‘सेस्ना १७२’. १९५६ साली ते बाजारात आले आणि आजवर त्याची चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली. एवढ्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बनलेले नाही. अपघातांच्या दाव्यांत कंपन्यांवर पडणाऱ्या भरपाईच्या बोजामुळे १९८६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, १९९४ च्या कायद्याने त्या दायित्वाला अठरा वर्षांची मर्यादा घातल्यावर १९९६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. नव्या विमानाची किंमत मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्याबाहेरची. त्यामुळे हौशी वैमानिक चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे विमान शोधतो, आणि त्याच्याबरोबर त्या विमानाच्या नोंदवह्याही विकत घेतो.

मी निघण्यापूर्वी धाकट्या बहिणीने, म्हणजे भाच्याच्या आईने, मला घरी जेवायला बोलावले होते. जेवण झाल्यावर ती म्हणाली, “दादा, माझं तो ऐकत नाही. तुझा शब्द मोडणार नाही. काहीतरी कारण काढ आणि त्याला थांबव.” मी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती समजूत घालण्याची, हे मला त्या वेळी ठरवावे लागले नाही.

भाच्याने हेरलेले विमान १९७५ साली विचिटातच बनलेले होते. विकणारा गृहस्थ पश्चिम कॅन्ससमध्ये, चार तासांच्या अंतरावर राहत होता. सत्तरीचा, उंच, डोक्यावर धान्यकोठाराच्या जाहिरातीची टोपी घातलेला तो शेतकरी आम्हांला आपल्या पत्र्याच्या हँगरमध्ये घेऊन गेला. पांढऱ्या अंगावर तांबडा पट्टा असलेले ते विमान मला अपेक्षेपेक्षा फारच लहान वाटले. आपल्या टांग्याच्या घोड्याकडे पाहावे तसा तो वृद्ध त्याच्याकडे पाहत होता. त्याने एक बुटांची खोकी पुढे केली. तीत नोंदवह्या, पावत्या आणि काही छायाचित्रे होती. अडतीस हजार डॉलर ही किंमत त्याने आधीच कळवली होती आणि ती कमी का, हेही मोकळेपणाने सांगितले होते. विमानाच्या सांगाड्याच्या तीन वह्यांपैकी मधली गहाळ होती. १९८८ पासून १९९७ पर्यंतच्या नऊ वर्षांची. त्याने स्वतः विमान २००१ मध्ये घेतले, तेव्हाही ती नव्हतीच. आधीचा मालक वारला, घर हलवताना कोठेतरी वही राहिली, एवढेच त्याच्या कानी आले होते.

नोंदवही म्हणजे काय, हे सांगायला हवे. अमेरिकेच्या नियमानुसार प्रत्येक खाजगी विमानाची दर बारा महिन्यांत एकदा अधिकृत मेकॅनिककडून संपूर्ण तपासणी व्हावी लागते. ती तपासणी, मधल्या दुरुस्त्या, बदललेले भाग हे सर्व तारखेसह आणि सहीसह वहीत उतरते. सांगाड्याची वही वेगळी, इंजिनाची वेगळी, प्रोपेलरची वेगळी. एखाद्या जातीच्या विमानात धोकादायक दोष आढळला तर सरकार त्या सर्व विमानांसाठी निर्देश काढते. तो पाळल्याची नोंदही तेथेच. सेस्नाच्या आसनांचे उदाहरण मला त्या मेकॅनिकने दिले. आसन ज्या रुळांवर पुढेमागे सरकते त्यांना भोके असतात आणि त्यांत एक खुंटी बसते. भोके झिजली की ऐन उड्डाणाच्या वेळी, नाक वर झालेले असताना, आसन मागे घसरते; वैमानिक आधारासाठी हातातले सुकाणूच धरून ओढतो आणि नाक आणखी वर जाते. १९८७ च्या निर्देशाने या रुळांची वारंवार तपासणी सक्तीची झाली. खुंटी बोटाएवढीही नसते.

आता जुन्या कामांच्या नोंदी सदैव जपल्याच पाहिजेत, असा नियम नाही. ठरावीक काळानंतर, किंवा तेच काम पुन्हा झाल्यावर, आधीची नोंद टाकून देण्याची मुभा आहे. विमान विकले जाते तेव्हा मात्र त्याचे एकूण किती तास उड्डाण झाले, कोणते निर्देश पाळले गेले, यांसारख्या काही गोष्टी कागदोपत्री नव्या मालकाकडे जाव्याच लागतात. म्हणून वही हरवली की विमान बेकायदा ठरत नाही. ते संशयित ठरते. मेकॅनिकांच्या जगात एक म्हण रूढ आहे: जे लिहिलेले नाही ते केलेले नाही. मुळात नसलेले काहीही लिहायचे नाही, ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा आपण विद्यार्थ्यांना सांगत असतो. तिचीच ही दुसरी बाजू आहे, असे मला वाटले.

भाच्याने आणलेला मेकॅनिक विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हता, आणि तो तसा नसावा हा तेथील शहाणपणाचा संकेत. साठीच्या घरातला, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, बोलणे अगदी मोजके. तो आणि भाचा इंजिनाचे आवरण काढू लागले. मला करण्यासारखे काही नव्हते. “मामा, तू तोवर वह्या चाळ,” भाचा म्हणाला, आणि मी एका लाकडी बाकावर खोकी घेऊन बसलो.

पहिली वही वाचताना मला हस्तलिखित भांडारातल्या दुपारी आठवल्या. तेच हस्तलेखन ओळखणे, तेच संक्षेप उलगडणे. एका मेकॅनिकला आकडा सात मधोमध रेघ देऊन लिहायची सवय होती. दुसरा प्रत्येक नोंद एकाच वाक्याने संपवी. दर नोंदीत टॅकोमीटरचा आकडा होता. हे यंत्र इंजिनाचे फेरे दाखवते आणि चाललेले तासही मोजते. पहिल्या वहीची शेवटची नोंद १९८८ ची: २,८४६ तास. मी तिसरी वही उघडली. पहिली नोंद १९९७ ची. टॅकोमीटर १,१०२ तास. आणि पुढे, विमानाचे एकूण तास ३,९४८.

टॅकोमीटरचा आकडा मागे गेला होता, याचा अर्थ उघड होता. मधल्या काळात जुने यंत्र बिघडून नवे बसवले गेले आणि नवे शून्यापासून मोजू लागले. ज्या दिवशी ते बसवले त्या दिवशी जुन्याचा शेवटचा आकडा कोणीतरी लिहिला असणार. पण तो हरवलेल्या वहीत. मग १९९७ मध्ये लिहिणाऱ्याला एकूण तास कोठून कळले? मी पाकिटातून पेन काढून जाहिरातीच्या कागदावर बेरीज केली. २,८४६ आणि १,१०२. ३,९४८.

त्याला कळले नव्हते. त्याने बेरीज केली होती. पहिल्या वहीची शेवटची नोंद झाल्यावर एक तासही न उडता टॅकोमीटर बदलले गेले, असे गृहीत धरले तरच ती बेरीज खरी. तसे घडले नसेल असे नाही. पण ते घडले, असे सांगणारा पुरावा कोणताच नव्हता. एका माणसाने रिकामी जागा अंदाजाने भरली आणि तो अंदाज आहे, हे सांगितले नाही. त्यानंतर दरवर्षी जो मेकॅनिक आला त्याने मागचा आकडा घेतला, वर्षाचे तास मिळवले आणि खाली सही केली. बावीस वर्षे, निरनिराळ्या पाच हस्ताक्षरांत, तो आकडा वाढत गेला. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी लिहून ठेवत की, समोर जसे दिसले तसे उतरले आहे, चूक असेल तर दोष आम्हांला देऊ नये. या पाच जणांनीही समोर दिसले तेच उतरले होते. पाठचिकित्सेचा पहिला धडा असा की, साक्षी मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. एकाच प्रतीवरून उतरलेल्या वीस प्रती मिळून साक्ष एकच होते. माझ्या मांडीवर बावीस सह्या होत्या आणि साक्ष एकही नव्हती.

मी उठून ते मेकॅनिकला दाखवले. त्याने तेलकट बोट कागदापासून दूर ठेवून बेरीज पडताळली, चष्मा काढला आणि म्हणाला, “प्रोफेसर, मी हा आकडा सकाळीच वाचला होता. मला तो आकडा वाटला.”

त्या क्षणी मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. तो नुसता संशोधकाचा आनंद नव्हता. बहिणीने मागितलेले कारण मला सापडले होते. आता एवढेच म्हणायचे होते की, ज्या विमानाचे वयच खोटे लिहिलेले आहे त्यात पाय ठेवू नकोस. भाचा माझा शब्द मोडणार नव्हता. बहीण जन्मभर माझे उपकार मानणार होती.

पण त्याच बाकावर बसल्या बसल्या मला तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली, आणि आनंद ओसरला. माझा प्रबंध एका आख्यानकवीवर होता. त्याच्या एका काव्याची एकच प्रत उपलब्ध होती आणि तिच्यात एके ठिकाणी कसरीने दोन चरण खाल्ले होते. मागचापुढचा संदर्भ, कवीची शब्दकळा आणि यमकाची गरज पाहून मी ते दोन चरण जुळवले. प्रबंधात ते चौकटी कंसात होते आणि तळटीपेत ‘संपादकाचा तर्क’ असे स्पष्ट लिहिले होते. पुढे त्याच काव्याची विद्यार्थ्यांसाठी आवृत्ती निघाली. प्रकाशकांना कंसांची अडचण वाटली. विद्यार्थी गोंधळतील, असे मलाही वाटले. कंस गेले, तळटीप गेली. त्यानंतर दोन संग्रहांनी तो उतारा माझ्या आवृत्तीवरून घेतला. काही वर्षांनी एका मौखिक परीक्षेत एका हुशार विद्यार्थिनीने त्या कवीच्या भाषेचे सौंदर्य सांगताना नेमके तेच दोन चरण म्हणून दाखवले. समोर परीक्षक म्हणून मी होतो. मी “छान” म्हणालो.

१९९७ मधला तो मेकॅनिक आणि मी यांत फरक असलाच तर तो माझ्या बाजूचा नव्हता. त्याच्यासमोर निदान काम अडले होते. तपासणीच्या नोंदीत काहीतरी आकडा लिहायलाच हवा होता.

रिकाम्या जागेचा प्रामाणिक उपाय काय असतो, हे माझ्या पिढीच्या अभ्यासकांना पुण्यातच शिकायला मिळाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण केले. १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते. त्या आवृत्तीत जेथे संपादकाला पाठाची खात्री नाही तेथे अक्षरांखाली एक नागमोडी रेघ छापलेली असते. एवढ्या विद्वानांनी, एवढ्या पोथ्या ताडून पाहिल्यावर, येथे आमचे पाऊल डगमगते असे त्या रेघेने सांगितलेले आहे. महानुभाव परंपरा सांगते की, लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीच्या धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. तेथेही आठवणी एकमेकींशी जुळेनात तेव्हा निरनिराळे पाठ, ते कोणाचे हे सांगून, जपले गेले. हरवणे हा ग्रंथाचा दोष नाही. हरवलेले सापडले असल्याचा बहाणा करणे हा माणसाचा दोष आहे.

त्या रात्री आम्ही गावातल्या एका मोटेलात उतरलो. मी भाच्याला विचारले, या विमानाविषयी दुसरीकडे कोठे काही लिहिलेले असेल का? तो थोडा ओशाळून म्हणाला, “मामा, आहे. माझ्याकडेच आहे.” तेथील विमानवाहतूक प्रशासनाचे दप्तर ओक्लाहोमा सिटी येथे असते. मोठी दुरुस्ती किंवा मोठा बदल केला की मेकॅनिकला एक ठरावीक नमुना भरावा लागतो; त्याची एक प्रत मालकाकडे राहते आणि दुसरी त्या दप्तरात जाते. अल्पसे शुल्क भरले की कोणत्याही विमानाचे ते सारे कागद मिळतात. भाच्याने ते मागवले होते. पण मालकी निर्वेध आहे, विमानावर कर्ज नाही, एवढे पाहून बाजूला ठेवले होते. आम्ही त्याच्या संगणकावर एकेक कागद पाहू लागलो. मूळ पोथी गेली तरी दुसऱ्या मठात तिचे एखादे पान निघावे, तसे अकराव्या कागदावर ते निघाले. १९९३ सालचा नमुना. डाव्या पंखाला वाऱ्याने इजा. पुढच्या स्पारची, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईची, दुरुस्ती. आणि त्या मेकॅनिकने, तसे लिहिण्याची सक्ती नसतानाही, कोपऱ्यात दोन आकडे टिपून ठेवले होते. टॅकोमीटर ३१० तास. एकूण ३,६९० तास.

हिशेब सोपा होता. टॅकोमीटर बदलले तेव्हा विमान ३,३८० तास उडालेले होते, २,८४६ नव्हे. ५३४ तास कोणत्याच वहीत नव्हते. वहीनुसार विमानाचे एकूण तास आज ५,१८६ होत होते. प्रत्यक्षात ते ५,७२० होते. जुन्या विमानांसाठी कंपनीने पुढे सुचवलेल्या पूरक तपासण्या तासांच्या आणि वर्षांच्या हिशेबावर चालतात, तेव्हा हा फरक नुसता कागदी नव्हता. त्याहून मोठी गोष्ट पंखाची होती. ‘कधीही इजा झालेली नाही,’ असे जाहिरातीत छापलेले होते.

सकाळी आम्ही ते कागद त्या वृद्ध शेतकऱ्यासमोर ठेवले. त्याने दोनदा वाचले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “अठरा वर्षं मी माझ्या नातवंडांना यातून फिरवलं.” किंमतीविषयी तो त्यानंतर एक शब्दही बोलला नाही, मेकॅनिकला एवढेच म्हणाला की, पाहिजे ते उघडा, विमान विकले जावो वा न जावो, मला कळले पाहिजे.

पुढचे दोन दिवस माझ्या आठवणीत पक्के आहेत, कारण माझ्या विद्येला जे कधीच करता येत नाही ते मी तेथे पाहिले. कसरीने खाल्लेला चरण परत येत नाही. त्याविषयी विचारायला कवी नाही, कागद नाही. पण धातू स्वतःच साक्षीदार असतो. मेकॅनिकने पंखाखालच्या झडपा उघडून, दिवा आणि आरसा आत घालून ती जुनी दुरुस्ती पाहिली. रिव्हेटांच्या ओळी त्याने बोटाने चाचपल्या. कोठे तडा नव्हता, गंज नव्हता. “ज्याने हे केलं त्याला काम येत होतं,” तो म्हणाला. इंजिनाच्या चारही सिलिंडरांत ऐंशी पौंडांच्या दाबाची हवा सोडून किती टिकते ते मोजले. चारही आकडे सत्तरीच्या पुढचे निघाले. तेलाच्या गाळणीत धातूचे कण नव्हते. इंजिन २००४ मध्ये संपूर्ण उघडून नवे केलेले होते आणि त्याची वही शाबूत होती. त्यानंतर ते जेमतेम आठशे तास चालले होते. दोन हजार तासांची मर्यादा उत्पादकाने सुचवलेली आहे, तशी बारा वर्षांचीही. तासांत ते तरुण होते, वर्षांत उतरणीला लागलेले. मेकॅनिकला चिंता होती ती वेगळ्याच गोष्टीची. गेल्या सात वर्षांत विमान फारसे उडाले नव्हते. या जातीच्या इंजिनात झडपा हलवणारा कॅमशाफ्ट वरच्या बाजूस असतो. इंजिन पडून राहिले की तेल खाली उतरते आणि तो उघडा पडून गंजतो. वापराने झिजण्यापेक्षा न वापरल्याने सडणे वाईट, हे त्याने सांगितले तेव्हा मला कित्येक वर्षे फडक्यात बांधून ठेवलेल्या, कोणीही न उघडलेल्या पोथ्या आठवल्या. एक सिलिंडर उतरवून त्याने आत पाहिले. डाग होते, खड्डे नव्हते. आसनाचे रूळ मात्र झिजलेले निघाले. ते वहीत ‘तपासले, ठीक’ असे होते. त्याने मोजले आणि बदलायला सांगितले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आपले मत दिले. रूळ बदलले, ज्या निर्देशांची नोंद गहाळ वहीत असावी ते सारे पुन्हा पाळले आणि तासांचा आकडा दुरुस्त केला, तर हे विमान घेण्यासारखे आहे. मग भाचा माझ्याकडे वळला. “मामा, तू काय म्हणतोस?”

मी जे म्हणायचे म्हणून तेथवर आलो होतो ते शब्द माझ्या तोंडाशी होते. पुरावाही हाताशी होता: चुकीचा आकडा, लपलेली दुरुस्ती, झिजलेले रूळ. यांतले एकही खोटे नव्हते. फक्त त्यांतून मी जो अर्थ काढणार होतो तो त्यांत नव्हता. तो माझ्या बहिणीच्या भीतीत होता. पाठातून हवा तो अर्थ काढणाऱ्या टीकाकारांवर मी आयुष्यभर टीका केली आहे. मी म्हणालो, “माझ्या मते वही खोटी होती. विमान खोटं नाही.”

रात्री बहिणीला फोन केला. त्याला थांबवावे असे कारण मला सापडले नाही, हे मी सांगितले. काय सापडले तेही सांगितले. काही गाळले नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तिने एकच प्रश्न विचारला: “दादा, तू बसशील का त्यात?”

हा प्रश्न मला कोणत्याही चर्चासत्रात कोणी विचारलेला नाही. आपण एखाद्या पाठाला प्रमाण मानतो, एखाद्या कवीचा काळ पन्नास वर्षे मागे नेतो, तेव्हा चूक झाली तर दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती होते. कोणी जमिनीवर कोसळत नाही. मी थोडा थांबलो आणि “बसेन” म्हणालो.

नंतरची व्यवस्था भाच्यानेच पाहिली. किंमत त्या शेतकऱ्याने आपण होऊन बत्तीस हजारांवर आणली. वह्या हरवल्या असता काय करावे याचे मार्गदर्शन तेथील प्रशासनाने करून ठेवलेले आहे: इतर कागदांवरून, दुरुस्ती केंद्रांच्या आणि मेकॅनिकांच्या नोंदींवरून तासांचा शोध घ्यायचा आणि तरीही काही अपुरे राहिले तर मालकाने नोटरीसमोर निवेदन करून, वही हरवल्याचे आणि तासांचा आकडा कोणत्या आधारावर ठरवला याचे, नव्या वहीत नमूद करायचे. ते निवेदन लिहायला भाच्याने मला शेजारी बसवले. मजकूर इंग्रजीत आणि जेमतेम बारा ओळींचा होता. पण मी आजवर लिहिलेल्या प्रस्तावनांपेक्षा त्यावर अधिक वेळ घालवला. काय ठाऊक आहे, ते कोठून कळले, काय ठाऊक नाही आणि जे धरून चाललो आहोत ते का, या चार गोष्टी त्यात वेगवेगळ्या दिसतील, एवढेच आम्ही पाहिले. १९९७ मधील नोंद खोडायची नाही, हा आग्रह माझा होता. ती जशी आहे तशी राहावी आणि पुढच्या वाचणाऱ्याला चूक कोठे आणि कशी शिरली हे दिसावे.

मी परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही उडालो. नवे रूळ, नव्या खुंट्या. धावपट्टी सुटली तेव्हा मी दोन्ही हातांनी आसनाची कड धरून ठेवली होती. ते लक्षात येऊन भाचा हसला. खाली कापणी झालेली शेते काटकोनात आखलेली दिसत होती. डावा पंख माझ्या बाजूला नव्हता. तरी वाकून मी त्याच्याकडे दोनदा पाहिले.

घरी आल्यावर मी एका संशोधन नियतकालिकाला टिपण पाठवले. अमुक आख्यानातील अमुक क्रमांकाच्या ओवीतले दोन चरण कवीचे नसून संपादकाचे आहेत, विद्यार्थी आवृत्तीत तसा निर्देश गाळला गेला याची जबाबदारी संपादकाची आहे आणि त्या चरणांच्या आधारे कवीच्या भाषेविषयी कोणतेही अनुमान करू नये, एवढाच मजकूर. संपादकांनी स्नेहाने विचारले की, तीस वर्षांनंतर हे छापण्याची खरोखर आवश्यकता आहे काय? मी आवश्यकता आहे असे कळवले. ते आठ ओळींत, शेवटच्या पानावर छापून आले.

त्या विद्यार्थिनीचा पत्ता मी पुष्कळ शोधला. ती आता एका महाविद्यालयात शिकवते, असे कळले. तिला अंकाची प्रत पाठवली आणि सोबत चार ओळी लिहिल्या. तिचे उत्तर आले. त्यात तिने लिहिले होते की, दरवर्षी वर्गात ती ते दोन चरण म्हणून दाखवत आली आहे, आणि यापुढेही दाखवील. फक्त आता आधी सांगेल की, हे कोणाचे आहेत.